पाच इंचांचा उतार : १९६८ चा हंगाम आणि बेसबॉलचे बदललेले नियम

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर आणि तो मारणारा फलंदाज यांच्यात ६० फूट ६ इंचांचे अंतर असते. पिचर ज्या मातीच्या गोल उंचवट्यावर उभा राहतो, त्याला माउंड म्हणतात. त्याची उंची १० इंच असते. हे दोन्ही आकडे खेळाच्या जन्मापासून चालत आलेले नाहीत. अंतर ठरले १८९३ मध्ये आणि उंची ठरली १९६९ मध्ये. दोन्ही वेळचे कारण एकच होते. पिचर इतके वरचढ झाले होते की धावा आटल्या होत्या आणि मैदानांतील बाके रिकामी राहण्याची भीती होती.

फलंदाजीला बळ देण्यासाठी नियम बदलावेत का, हा प्रश्न अमेरिकेत जवळजवळ दर पिढीला नव्याने विचारला जातो. नियमांना हात लावला तर विक्रमांना अर्थ उरत नाही, असे एक बाजू म्हणते. धावाच होत नसतील तर पाहायचे काय, असे दुसरी बाजू विचारते. या वादाची खरी परीक्षा १९६३ ते १९७३ या दहा वर्षांत झाली. त्या काळात नियम एकदा पिचरच्या बाजूने आणि दोनदा फलंदाजाच्या बाजूने बदलले, आणि प्रत्येक बदलाचा परिणाम आकड्यांत नोंदला गेला.

खेळाचा तराजू

बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजाकडे येतो. फलंदाजासमोर जमिनीवर पाच कोनांची पांढरी पाटी असते, तिला होम प्लेट म्हणतात. या पाटीवरून, फलंदाजाच्या शरीराच्या ठरावीक उंचीत चेंडू गेला आणि फलंदाजाने तो मारला नाही, तर पंच ‘स्ट्राइक’ देतो. हा काल्पनिक चौकोन म्हणजे स्ट्राइक झोन. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद होतो. चौकोनाबाहेर चार चेंडू पडले तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. तीन बेस ओलांडून होम प्लेटवर परतले की एक धाव होते. चौकोन मोठा केला की पिचरला लक्ष्य मोठे मिळते आणि फलंदाजाला जास्त जागा राखावी लागते. चौकोन लहान केला की पिचरला नेमका चेंडू टाकणे भाग पडते.

माउंडची उंचीही अशीच काम करते. उंचावरून पुढे झेपावताना पिचरला उताराचा जोर मिळतो आणि चेंडू फलंदाजाकडे जास्त तिरक्या रेषेत खाली येतो. बॅट साधारण आडवी फिरते, त्यामुळे चेंडू जितका तिरका येईल तितका तो बॅटच्या वाटेत कमी वेळ राहतो. अंतर, उंची आणि चौकोन या तीन मापांवर खेळाचा तराजू उभा आहे.

फलंदाजाचे मोजमाप सरासरीने होते, पण ही सरासरी क्रिकेटसारखी नसते. हिशेबात धरलेल्या संधींपैकी किती संधींत फलंदाजाने चेंडू मारून बेस गाठला, तेवढेच ती सांगते. ०.३०० म्हणजे हजार संधींत तीनशे यशस्वी फटके, म्हणजे हिट. एवढ्या सरासरीचा फलंदाज उत्तम मानला जातो. पिचरचे मोजमाप उलट दिशेने होते. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळून त्याने नऊ इनिंगमागे सरासरी किती धावा दिल्या, ते पाहतात. हा आकडा तीनच्या खाली असेल तर पिचर चांगला, आणि दोनच्या खाली असेल तर असामान्य.

पाच फूट आणि एक मृत्यू

पहिला मोठा बदल १८९३ चा. त्याआधी पिचर आपल्यासाठी आखलेल्या चौकटीच्या मागच्या रेषेवर, होम प्लेटपासून ५५ फूट ६ इंचांवर पाय टेकून चेंडू टाकायला सुरुवात करी. एमॉस रूसीसारख्या वेगवान पिचरपुढे एवढ्या अंतरावरून फलंदाजाला चेंडू दिसेपर्यंत तो निघून जाई. १८९२ मध्ये नॅशनल लीगची सरासरी ०.२४५ पर्यंत घसरली होती. पुढच्या वर्षी पिचरला ६० फूट ६ इंचांवर नेण्यात आले, म्हणजे प्रत्यक्षात पाच फूट मागे. सरासरी लगेच ०.२८० वर गेली आणि १८९४ मध्ये ०.३०९ वर पोहोचली. रूसी आणि साय यंग हे पिचर त्यानंतरही पहिल्या रांगेतच राहिले. कर्तबगार पिचर नव्या मापातही टिकतो, हा या बदलाने दिलेला पहिला धडा.

दुसरा बदल १९२० चा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत चेंडूला थुंकी, माती किंवा तंबाखूचा रस लावून तो वेडावाकडा वळवणे नियमात बसत होते. एकच चेंडू काळा पडेपर्यंत वापरला जाई. १९२० च्या हंगामाआधी चेंडूला असे काही लावण्यास बंदी घालण्यात आली. ज्यांची रोजीरोटीच त्यावर अवलंबून होती, अशा १७ पिचरना मात्र पुढे निवृत्तीपर्यंत सूट मिळाली. त्याच वर्षी १६ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमनचा मृत्यू झाला. त्यानंतर मळलेला चेंडू बदलून पांढरा स्वच्छ चेंडू देण्याकडे पंचांचे काटेकोर लक्ष राहू लागले. फलंदाजाला चेंडू दिसू लागला. बेब रूथने १९१९ मध्ये २९ होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारे फटके, मारले होते. १९२० मध्ये त्याने ५४ मारले आणि लोक होमरन पाहण्यासाठी मैदानावर येऊ लागले. पुढची चाळीस वर्षे बेसबॉल हा मुख्यतः फलंदाजाचा खेळ राहिला.

एका विक्रमाची धास्ती

नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीग मिळून मेजर लीग होते. १९६१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये दोन संघ वाढले आणि सामने १५४ वरून १६२ झाले. त्या वर्षी १ ऑक्टोबरला न्यूयॉर्क यँकीजच्या रॉजर मॅरिसने ६१ वा होमरन मारून रूथचा १९२७ मधील ६० होमरनचा विक्रम मागे टाकला. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक तरुणपणी पत्रकार होते आणि रूथच्या नावाने प्रसिद्ध होणारे लेख त्यांनी लिहिले होते. १५४ सामन्यांनंतर मोडलेल्या विक्रमाची नोंद वेगळी ठेवावी, असे त्यांनी त्याच उन्हाळ्यात जाहीर केले होते. होमरन स्वस्त झाले आहेत आणि सामने लांबत आहेत, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेतून १९६३ च्या हंगामाआधी स्ट्राइक झोन वाढवण्यात आला. १९५० पासून तो काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत होता. आता तो खांद्याच्या वरच्या कडेपासून गुडघ्यापर्यंत झाला. कागदावर हा बदल दोन्ही टोकांना काही इंचांचाच होता. मैदानावर त्याचा परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. दोन्ही लीग मिळून एका संघाच्या सामन्यामागच्या धावा ४.४६ वरून ३.९५ वर आल्या आणि सरासरी ०.२५८ वरून ०.२४६ झाली.

इतर गोष्टीही पिचरच्याच बाजूने वळत होत्या. रात्रीचे सामने वाढले होते आणि कृत्रिम प्रकाशात वेगवान चेंडू पाहणे अवघड जात होते. क्षेत्ररक्षकांचे हातमोजे मोठे झाले होते. १९६२ मध्ये सुरू झालेले लॉस एंजेलिसचे डॉजर स्टेडियम आणि १९६५ मधील ह्यूस्टनचे छताखालचे अ‍ॅस्ट्रोडोम या मैदानांवर होमरन सहज निघत नव्हते. वेगवान पण ऐनवेळी बाजूला सरकणारा ‘स्लायडर’ चेंडू बहुतेक पिचरच्या हातात आला होता. माउंडची उंची नियमाने १५ इंच होती, तरी काही संघ आपल्या मैदानावर ती त्याहून जास्त ठेवतात असा बोलबाला होता.

डॉजर्सचा डावखुरा सँडी कोफॅक्स या काळाचा पहिला नायक ठरला. १९६३ मध्ये त्याने नऊ इनिंगमागे १.८८ धावा दिल्या आणि १९६६ मध्ये १.७३. १९६५ मध्ये त्याने ३८२ फलंदाजांना तीन स्ट्राइकवर बाद केले. कोपराच्या सांधेदुखीमुळे १९६६ नंतर त्याने ऐन बहरात खेळ सोडला. तो गेला तरी धावा परत आल्या नाहीत. हा प्रश्न एका खेळाडूचा नव्हता हे त्यावरून स्पष्ट झाले.

१९६८ : पिचरचे वर्ष

१९६८ च्या हंगामाची सुरुवातच शोकात झाली. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि पहिल्या दिवसाचे सामने पुढे ढकलावे लागले. १५ एप्रिलला अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क मेट्स यांचा सामना २४ इनिंग चालला. सहा तासांनंतर मेट्सच्या क्षेत्ररक्षकाच्या पायांतून चेंडू निसटला आणि सामन्यातील एकमेव धाव झाली. वर्षभर काय होणार, याची ही नांदी होती. मे महिन्यात ओकलंडच्या कॅटफिश हंटरने एकाही प्रतिस्पर्ध्याला पहिला बेस गाठू न देता पूर्ण सामना जिंकला.

त्याच महिन्यात डॉजर्सच्या डॉन ड्रायस्डेलने १४ तारखेपासून एकामागून एक सामने एकही धाव न देता जिंकायला सुरुवात केली. ३१ मे रोजी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी उभे होते आणि ड्रायस्डेलचा चेंडू डिक डिएट्झच्या अंगाला लागला. एरवी अशा वेळी फलंदाजाला बेस मिळतो आणि धाव होते. पंच हॅरी वेंडेलस्टेट यांनी मात्र डिएट्झने चेंडू चुकवण्याचा प्रयत्नच केला नाही असा निर्णय दिला. धाव वाचली आणि मालिका चालू राहिली. ४ जूनच्या रात्री ड्रायस्डेलने लागोपाठ सहावा सामना धाव न देता संपवला. त्याच रात्री लॉस एंजेलिसमध्ये कॅलिफोर्नियातील प्राथमिक निवडणुकीच्या विजयसभेत रॉबर्ट केनेडी यांनी या पराक्रमाचा उल्लेख केला. त्यानंतर काही मिनिटांतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ८ जूनला ही मालिका ५८ पूर्णांक दोन तृतीयांश इनिंगवर थांबली, तेव्हा वॉल्टर जॉन्सनचा १९१३ मधील विक्रम मागे पडला होता.

या सगळ्यांहून थोर कामगिरी सेंट लुइस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनची होती. त्याने वर्षभरात ३४ सामने सुरू केले आणि त्यांपैकी २८ स्वतः शेवटपर्यंत टाकले. १३ सामन्यांत त्याने एकही धाव दिली नाही. नऊ इनिंगमागे त्याने सरासरी १.१२ धावा दिल्या. तरीही तो ९ सामने हरला, कारण त्याच्या संघालाही धावा मिळत नव्हत्या. १७ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत गेलॉर्ड पेरीने कार्डिनल्सला एकही हिट दिला नाही आणि गिब्सन १-० असा हरला. ती एक धाव पहिल्याच इनिंगमध्ये रॉन हंटच्या होमरनमुळे झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर कार्डिनल्सच्या रे वॉशबर्नने जायंट्सला एकही हिट दिला नाही. चोवीस तासांत एका मैदानावर दोन्ही संघांच्या वाट्याला हीच गत आली.

अमेरिकन लीगमध्ये डेट्रॉइट टायगर्सच्या डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. १९३४ मध्ये डिझी डीनने तीस विजय मिळवले होते, त्यानंतर हे कोणालाच जमले नव्हते. त्या लीगमधील सर्वोत्तम फलंदाज बोस्टनचा कार्ल यास्ट्रझेम्स्की ठरला, तो ०.३०१ सरासरीवर. लीगमध्ये ०.३०० च्या वर गेलेला तो एकटाच होता. इतक्या कमी सरासरीवर ना त्याआधी कोणी हा मान मिळवला होता, ना त्यानंतर मिळवला. रूथ आणि मॅरिसची परंपरा सांगणाऱ्या यँकीजची संघ म्हणून सरासरी ०.२१४ होती. जुलैत अ‍ॅस्ट्रोडोममध्ये निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना झाला. देशातील उत्तमोत्तम फलंदाज एकत्र असूनही निकाल १-० लागला.

हंगाम संपला तेव्हा दोन्ही लीगची मिळून सरासरी ०.२३७ होती आणि एका संघाच्या वाट्याला सामन्यामागे ३.४२ धावा आल्या होत्या. साधारण दर पाच सामन्यांतील एका सामन्यात एका संघाची पाटी कोरी राहिली होती. सात पिचरनी नऊ इनिंगमागे दोनपेक्षा कमी धावा दिल्या होत्या.

दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील वर्ल्ड सिरीजमध्ये २ ऑक्टोबरला गिब्सनने मॅक्लेनवर मात करत टायगर्सचे १७ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले. कोफॅक्सने १९६३ मध्ये केलेला १५ बळींचा विक्रम त्यात मोडला. कार्डिनल्स ३-१ असे पुढे होते, पण टायगर्सच्या मिकी लोलिचने तीन सामने जिंकून मालिका फिरवली. १० ऑक्टोबरच्या सातव्या सामन्यात सहा इनिंगपर्यंत दोन्ही संघांची एकही धाव नव्हती. सातव्या इनिंगमध्ये जिम नॉर्थरपचा उंच फटका कर्ट फ्लडला नीट जोखता आला नाही. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, दोन धावा झाल्या आणि गिब्सन ४-१ असा हरला. एका वर्षापूर्वी दंगलींनी होरपळलेल्या डेट्रॉइटसाठी हा विजय मोलाचा होता.

दोन महिन्यांत निर्णय

पिचरची ही थोरवी जाणकारांना भावली, पण सामान्य प्रेक्षक दुरावत होता. १९६७ मध्ये सुमारे २ कोटी ४३ लाख लोक मैदानावर आले होते. १९६८ मध्ये ते सुमारे २ कोटी ३१ लाख झाले. दुसरीकडे टीव्हीच्या जोरावर अमेरिकन फुटबॉल घराघरांत पोहोचत होता. त्यात सतत हालचाल होती आणि गुणही होत होते. १-० च्या संथ सामन्यांनी ही स्पर्धा जिंकता येणार नाही, हे संघमालकांना उमगले.

वर्ल्ड सिरीज संपून दोन महिने होण्याआधीच, ३ डिसेंबर १९६८ रोजी नियम समितीने दोन निर्णय घेतले. माउंडची उंची १५ वरून १० इंच करण्यात आली आणि स्ट्राइक झोन पुन्हा काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत आणण्यात आला. यातील दुसरा निर्णय नवा नव्हताच, ती १९६३ च्या चुकीची दुरुस्ती होती. पहिला निर्णय मात्र खरोखर नवा होता. लोकांनी या बदलांना गिब्सनचे नाव जोडले आणि ते आजही टिकून आहे.

१९६९ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. कॅन्सस सिटी, सिअ‍ॅटल, सॅन डिएगो आणि माँट्रिऑल असे चार नवे संघ आले. संघ वीसचे चोवीस झाले आणि एरवी खालच्या लीगमध्ये राहिले असते असे अनेक पिचर वर आले. त्यामुळे त्या वर्षीच्या वाढीचे सगळे श्रेय नियमांना देता येत नाही. तरी वाढ मोठी होती. सामन्यामागच्या धावा ३.४२ वरून ४.०७ झाल्या, सरासरी ०.२४८ झाली आणि सामन्यामागचे होमरन जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढले. अमेरिकन लीगमध्ये रॉड कर्यूने ०.३३२ च्या सरासरीने पहिला क्रमांक मिळवला. प्रेक्षक सुमारे २ कोटी ७२ लाखांवर गेले, अर्थात त्यात नव्या संघांचा वाटा होता.

पिचर संपले का? १९६८ मध्ये गिब्सनने २६८ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले होते, १९६९ मध्ये त्याने २६९ केले. नऊ इनिंगमागे त्याने २.१८ धावा दिल्या आणि १९७० मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. नव्या नियमांचे पहिले विजेते न्यूयॉर्क मेट्स ठरले आणि त्यांची खरी ताकद टॉम सीव्हरसारखे पिचरच होते. रूसी आणि यंगच्या काळात आलेला अनुभव पुन्हा आला. माप बदलले तरी उत्तम पिचर उत्तमच राहिला, फक्त मध्यम पिचरला मिळणारा फुकटचा आधार गेला.

दहावा माणूस

१९६९ चा उपाय नॅशनल लीगला पुरला, अमेरिकन लीगला पुरला नाही. १९७२ मध्ये तिथली सरासरी ०.२३९ पर्यंत आणि सामन्यामागच्या धावा ३.४७ पर्यंत खाली आल्या. प्रेक्षकांच्या संख्येतही अमेरिकन लीग बरीच मागे पडली होती. मग एका जुन्या कल्पनेला पुन्हा वाट मिळाली. पिचर बहुधा अगदी कच्चा फलंदाज असतो, तेव्हा त्याच्या जागी फक्त फलंदाजी करणारा वेगळा खेळाडू द्यावा, असे संघ-व्यवस्थापक कॉनी मॅक यांनी १९०६ मध्येच सुचवले होते. १९२८ मध्ये नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हायडलर यांनीही तोच आग्रह धरला होता. आता ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी ती कल्पना उचलून धरली.

११ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकन लीगच्या मालकांनी आठ विरुद्ध चार मतांनी हा नियम तीन वर्षांच्या प्रयोगासाठी स्वीकारला. या खेळाडूला ‘डेझिग्नेटेड हिटर’ म्हणतात, आणि सगळेजण त्याला ‘डीएच’ म्हणून ओळखतात. ६ एप्रिलला बोस्टनच्या फेनवे पार्कवर यँकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून उभा राहिला. तिन्ही बेस भरलेले असताना लुइस टियांटने त्याला चार चेंडू चौकोनाबाहेर टाकले आणि ब्लूमबर्ग चालतच पहिल्या बेसवर गेला. त्याची बॅट आज कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयात आहे.

आकड्यांनी प्रयोगाला साथ दिली. एका वर्षात अमेरिकन लीगची सरासरी ०.२५९ झाली, सामन्यामागच्या धावा ४.२८ वर गेल्या आणि प्रेक्षक सुमारे २० लाखांनी वाढले. वय झालेल्या किंवा गुडघे दुखावलेल्या चांगल्या फलंदाजांना चार वर्षे जास्त खेळता आले. पण या बदलाची किंमतही मोठी होती. नॅशनल लीगने डीएच नाकारला आणि एकाच खेळात दोन नियमावल्या झाल्या. वर्ल्ड सिरीजमध्ये कोणता नियम लावायचा यावर अनेक वर्षे वेगवेगळे तोडगे काढावे लागले. पिचरच्या फलंदाजीची वेळ आली की त्याला काढून ताजा फलंदाज पाठवायचा की नाही, हा प्रशिक्षकाचा डाव अमेरिकन लीगमधून नाहीसा झाला. नॅशनल लीगने डीएच कायमचा स्वीकारला तो २०२२ मध्ये, म्हणजे ४९ वर्षांनी.

१९६९ आणि १९७३ चे बदल एकाच हेतूने झाले, पण त्यांची जात वेगळी होती. पहिल्याने मैदानाचे माप बदलले आणि खेळाडूंचे काम तेच ठेवले. दुसऱ्याने कामाची वाटणीच बदलली. म्हणून पहिला बदल एका हंगामात अंगवळणी पडला आणि दुसऱ्यावर अर्धे शतक वाद चालला.

नियम न बदलता आलेल्या धावा

१९९० च्या दशकात धावा अशा वाढल्या की फलंदाजीला बळ देण्यासाठी कोणाला नियमांकडे पाहावेच लागले नाही. लहान मैदाने आणि नवे संघ ही कारणे होती, पण शरीर फुगवणारी बंदी असलेली औषधेही त्यात होती. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० होमरन मारले, २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ मारले. २००० मध्ये सामन्यामागच्या धावा ५.१४ झाल्या. डिसेंबर २००७ मध्ये माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांचा या औषधांवरचा अहवाल आला आणि त्या काळातील विक्रमांवर संशयाची सावली कायमची पडली. नियम बदलल्याने विक्रमांचे पावित्र्य जाते असे म्हणणाऱ्यांना या दशकाचे उत्तर कडू आहे. फलंदाजीसाठी नियमांना कोणी हात लावला नाही, तरी विक्रम डागाळले.

औषधांवर कडक बंदी आल्यावर तराजू पुन्हा पिचरकडे झुकला. चेंडूचा वेग वाढला, संगणकाच्या मदतीने चेंडूची फिरकी घडवता येऊ लागली आणि फटका कुठे जाईल हे हेरून क्षेत्ररक्षक एका बाजूला गोळा केले जाऊ लागले. २०१८ मध्ये इतिहासात प्रथमच पूर्ण हंगामात हिटपेक्षा तीन स्ट्राइकवर बाद होणाऱ्यांची संख्या जास्त झाली. २०२२ ची सरासरी ०.२४३ होती, १९६८ नंतरची सर्वांत कमी.

या वेळी उपाय आधी तपासून पाहिले गेले. २०२१ मध्ये अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगमध्ये पिचरला आणखी एक फूट मागे नेऊन पाहण्यात आले. त्याचा फार उपयोग दिसला नाही आणि तो विचार मुख्य लीगपर्यंत आला नाही. खालच्या लीगमध्ये पडताळलेले तीन बदल मात्र २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये आले. बेस रिकामे असताना १५ सेकंदांत आणि खेळाडू बेसवर असताना २० सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करणे बंधनकारक झाले. दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला आतल्या फळीचे दोन क्षेत्ररक्षक असणे सक्तीचे झाले. बेसची रुंदी १५ वरून १८ इंच झाली. सामन्याचा सरासरी वेळ तीन तासांहून जास्त होता, तो सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला. फटक्याविना धावून गाठलेले, म्हणजे चोरलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ झाले आणि प्रेक्षक ७ कोटींच्या वर गेले. सरासरी मात्र ०.२४८ पर्यंतच वाढली आणि २०२४ मध्ये पुन्हा ०.२४३ वर आली. एका वर्षात पिचरनी नव्या नियमांशी जुळवून घेतले होते.

निवाडा

एकशे तीस वर्षांचा हा आलेख पाहिला तर फलंदाजीसाठी नियम बदलावेत का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला मर्यादा आहेत. पिचर आणि फलंदाज या दोघांत पिचर वेगाने शिकतो, कारण चेंडू त्याच्या हातात असतो आणि कोणता, केव्हा टाकायचा हे तोच ठरवतो. फलंदाजाला फक्त उत्तर द्यायचे असते. त्यामुळे खेळ तसाच सोडून दिला तर तराजू हळूहळू पिचरकडेच झुकतो, आणि तो अधूनमधून सरळ करणे हे नियम करणाऱ्यांचे कर्तव्यच ठरते. १८९३, १९२० आणि १९६९ मध्ये हे केले नसते, तर रूथ, मॅरिस किंवा कर्यू यांचा खेळ लोकांना तसा दिसला नसता.

ही दुरुस्ती कशी असावी, तेही याच इतिहासातून कळते. ती अंतर, उंची, चौकोन आणि वेळ अशा मापांत असावी, म्हणजे चुकली तर परत फिरता येते. १९६३ ची चूक सहा वर्षांत पुसता आली, कारण ती काही इंचांची होती. आणि दुरुस्तीने कर्तबगार पिचरचे तेज कमी होऊ नये. गिब्सन हा त्याचा साक्षीदार आहे. पाच इंच मातीखाली गेले, तरी पुढच्या दोन्ही वर्षांत त्याने १९६८ पेक्षा जास्त फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले. फलंदाजाला मात्र त्या पाच इंचांनी सामन्यात परत आणले.

१९६९ नंतर स्ट्राइक झोनची व्याख्या पुन्हा बदलली, संघ चोवीसचे तीस झाले, डीएच दोन्ही लीगमध्ये आला आणि मैदानावर घड्याळ बसले. माउंडची उंची तेव्हापासून १० इंचच आहे.